साठेकाका कळवून जातात

आमटीला हिंगाची फोडणी द्यायची असली की साठेकाका आधी पायात चपला सरकवत, जिना उतरून तानाका आजींच्या दाराची घंटी वाजवत आणि कमरेत वाकून सांगत की आज संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरातून जरा उग्र वास येईल, तरी क्षमा असावी. मग समोरच्या बिऱ्हाडात हेच. मग आमच्याकडे. आम्ही पुण्याचे, हिंगाबद्दल आमची माफी मागायचं काही कारण नव्हतं. पण काकांचं म्हणणं, कळवायचं तर सगळ्यांना कळवावं, एखाद्याला गाळलं की त्याचा अपमान होतो. मी एकदा म्हटलं, काका, तुमची आमटी होईपर्यंत आमची जेवणं उरकतात. ते म्हणाले, "हरकत नाही, पण कळलं ना?"

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. त्सुकुबा हे संशोधन संस्थांसाठी कागदावर आखून मग जमिनीवर वसवलेलं गाव. माझा नवरा मिलिंद तिथल्या एका संस्थेत कॉम्प्युटरवर काम करायचा आणि मी घरी बसून जपानी शिकायची. काका आमच्या वरच्या मजल्यावर राहत. डोंगरउतारावरची माती पावसात का घसरते, याचा अभ्यास करायला ते तरुणपणी जपानात आले आणि इथलेच झाले. जपानात शेजाऱ्यांना आधी सांगून मग भिंतीला खिळा ठोकायची पद्धत आहे, आणि पुण्यात न कळवता येणाऱ्या पाहुण्याला चहा मिळेलच असं नाही. काकांच्या अंगात ही दोन्ही गावं भिनलेली, त्यामुळे ते दोन्हीकडच्या लोकांच्या वरताण झाले होते.

त्यांना दुसरं वेड सायकलचं. दर रविवारी त्सुकुबाच्या डोंगरावर सायकलने चढायचे. चढावर कुणाला मागे टाकायचं झालं तर आधी त्याच्या बरोबरीने जाऊन, धापा टाकत, "मी आता पुढे जाणार आहे" असं जपानीत सांगायचे. बहुतेक वेळा तेवढ्यात त्यांचाच दम संपायचा आणि तो माणूस पुढे निघून जायचा.

काकू मी पाहिल्या नाहीत. आम्ही यायच्या आधीच त्या गेल्या. मुलगी मुक्ता, तीही फोटोतच पाहिलेली. ती इथेच जन्मली, इथल्याच शाळेत शिकली. काका मराठीत विचारत, ती जपानीत उत्तर देई, आणि दोघांना त्यात काही वावगं वाटत नसे. काकू गेल्यावर ती शिकायला जर्मनीला गेली आणि एक दिवस तिचा फोन आला, की मागच्या आठवड्यात माझं लग्न झालं. मुलगा तिथलाच, मोझेल नदीच्या काठावर त्याच्या घरचे द्राक्षमळे. आधी सांगितलं असतं तर बाबांनी हजार प्रश्न विचारले असते म्हणून सांगितलं नाही, म्हणाली.

काकांनी फोनवर म्हटलं, "कळवल्याबद्दल आभारी आहे." आणि फोन ठेवला. त्यानंतर दोघांनी एकमेकांना फोन केला नाही. हे मला तानाका आजींनी सांगितलं. काका स्वतः सगळ्या जगाला सगळं कळवत, एवढं एक सोडून.

एका थंडीत ते आमच्याकडे आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, की येत्या मे महिन्याच्या सुट्टीत मी जर्मनीत सायकलवरून फिरणार आहे, ट्रियर ते कोब्लेंझ, मोझेलच्या काठाने. हे कळवायला आलो होतो. मिलिंदने नकाशा मागितला. काकांनी तो खिशातच आणला होता. नदीला इतकी वळणं की नकाशावर कुणी शेवया सांडल्यासारखं दिसत होतं. मध्यावर एका गावापाशी पेन्सिलचा बारीक ठिपका होता. त्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण तिथल्या लोकांना मी तसं कळवलेलं नाही.

"इथे मुक्ता राहते ना?" मी विचारलं.

"मार्गात येतं," काका म्हणाले. "तिथे आपण फक्त पाणी पिऊ."

'आपण' हा शब्द ऐकून मिलिंदने माझ्याकडे पाहिलं. म्हणजे आम्हीही जाणार होतो.

मग काकांनी वाटेतल्या प्रत्येक मुक्कामाला फॅक्स केले. आम्ही कोण, किती वाजता पोहोचू, शाकाहारी म्हणजे मासेसुद्धा नाही, आणि वारा समोरून असेल तर किती उशीर होईल. एका गावात ज्या बाईंच्या घरी खोल्या मिळत होत्या त्यांनाही इतकं सविस्तर कळवलं, की आमच्या येण्याची तारीख त्यांच्या घरात सणासारखी पाठ झाली असावी.

ट्रियरला उतरल्यावर काका पहिल्यांदा पोलीस चौकीत गेले. जपानात प्रत्येक सायकलची पोलिसांत नोंद असते, तसा नंबराचा कागद चिकटवलेला असतो. काकांनी आपली सायकल पिशवीत बांधून विमानातून आणली होती, तेव्हा ती या देशात आल्याचं इथल्या पोलिसांना कळवायला हवं असं त्यांना वाटलं. त्या पोलिसाने पुष्कळ वेळ शांतपणे ऐकून घेतलं, सायकलला एक चक्कर मारली आणि "छान आहे" म्हणाला. काकांचं समाधान झालं. गावातला तो काळा पडलेला रोमन दरवाजा आम्ही घाईघाईत पाहिला, कारण पुढच्या मुक्कामाला वेळ कळवून ठेवली होती.

नदीकाठचा रस्ता सपाट आणि सुरेख. पण काकांना सपाटीत रस नव्हता. दोन्ही अंगांना भिंतीसारखे डोंगर आणि त्यांवर द्राक्षाचे वेल, एकेका वेलाला एकेक काठी. काका दर थोड्या वेळाने काठ सोडून मळ्यातल्या वाटेने वर चढत आणि आम्हाला चढवत. वर गेलं की मुठीत माती घेऊन चुरडायचे आणि ही पाटीच्या दगडाची माती आहे, ऊन धरून ठेवते, असं कौतुकाने सांगायचे. मी भाड्याची सायकल ढकलत वर पोहोचेपर्यंत माझ्यात कौतुक शिल्लक नसायचं. मळ्यात काम करणाऱ्या प्रत्येकाला ते थांबून, आम्ही तुमच्या वाटेने जात आहोत, असं कळवायचे. लोक हसायचे, हात करायचे आणि वाइन पुढे करायचे. काका दारूला शिवत नाहीत. ते द्राक्षाचा रस मागायचे. कोकणात हापूसच्या बागायतदाराच्या अंगणात बसून केळं मागावं, तसे ते लोक बघायचे.

लाकडी चौकटींची वाकडी घरं, डोक्यावर किल्ला, मध्ये चौक आणि कारंजं, अशी गावामागून गावं गेली. ठिपका जवळ येऊ लागला तसे काका बोलायचे कमी झाले. मळेकऱ्यांना कळवायचंही विसरू लागले. तेव्हा मला खरी काळजी वाटली.

ठिपक्याच्या अलीकडच्या गावात आमचा मुक्काम होता. घरमालकीण बाई ठेंगण्या, गालांनी लाल. त्यांनी काकांचा हात जरा जास्तच वेळ हातात धरला. जेवताना त्यांनी तिथली एक रीत सांगितली. मळेवाली कुटुंबं वर्षातले काही महिने आपल्या अंगणात खाणंपिणं विकतात. प्रत्येक घराचे महिने ठरलेले, आधी कचेरीत कळवावं लागतं. अंगण उघडं असलं की दारावर हिरव्या फांद्यांची जुडी टांगतात. जुडी दिसली की कुणीही आत जावं, ओळख लागत नाही, आमंत्रण लागत नाही. कचेरीत कळवावं लागतं हे ऐकून काकांनी मान डोलावली. बाकीचं ऐकून ताटातला बटाटा काट्याने चिरत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या गावात शिरलो. चौकातल्या नळावर खरंच फक्त पाणी प्यायलो. मग काका सायकलवर बसले आणि गाव ओलांडून थेट मागच्या डोंगरावर चढू लागले. इतका उभा चढ त्यांनी न थांबता कसा काढला कोण जाणे. मिलिंद आणि मी वर पोहोचलो तेव्हा ते बांधावर बसून खाली बघत होते. खाली नदीचं वळण, चर्चचा निमुळता मनोरा, पाटीच्या दगडाची छपरं. त्यातलं मुक्ताचं छप्पर कोणतं, हे त्यांना न विचारता माहीत होतं.

"काका, जाऊया ना," मी म्हटलं.

"न कळवता कुणाच्या दारात जायचं नाही, हे मी तिला लहानपणापासून शिकवलं."

"मग खालच्या बूथवरून फोन करा."

"काय कळवू, वैशाली? बाप आलाय, हे कळवायचं असतं का?"

हा माणूस फोडणीची वर्दी देतो, आणि एवढ्या लांबून येऊन मुलीच्या घराच्या डोक्यावर बसून राहतो. राग आला आणि रडूही. मिलिंदने सायकलची साखळी उगाचच तपासायला घेतली.

तेवढ्यात काका उठून उभे राहिले. खालच्या त्या घराच्या फाटकात कुणीतरी शिडी लावत होतं. एक बाई वर चढली, हातातलं हिरवं काहीतरी खिळ्याला अडकवलं आणि शिडी घेऊन आत गेली. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग उताराला लागले.

अंगणात गिऱ्हाईक म्हणून आम्हीच. एकच टेबल मांडलेलं, त्यावर इस्त्रीचं कापड. काका टोकाच्या खुर्चीवर अंग चोरून बसले. मुक्ता बाहेर आली. फोटोतल्यापेक्षा भरलेली, हात मातीचे. तिने आम्हा तिघांना नमस्कार केला आणि बापाला जपानीत विचारलं, काय घेणार. काकांनी मराठीत सांगितलं, द्राक्षाचा रस. तिने आणला, समोर ठेवला आणि ट्रे छातीशी धरून उभी राहिली.

काका पेल्याकडे बघत म्हणाले, "तुझं लग्न झाल्याचं कळलं. फार आनंद झाला मला."

मुक्ताने ट्रे टेबलावर ठेवला आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसून त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. काकांनी तिचा मातीचा हात हातात घेतला आणि नखातली माती अंगठ्याने काढत बसले. मग तिचा नवरा श्टेफान आला, चार भाषांत मोडकंतोडकं बोलणं झालं, बटाट्याचं काहीतरी खाल्लं. बोलता बोलता कळलं, की मुक्कामाच्या त्या लाल गालांच्या बाई म्हणजे श्टेफानची मावशी. काकांचा फॅक्स हाती पडल्या दिवशीच ती तो घेऊन इथे आली होती. मावशीचंच घर काकांनी कसं शोधलं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पुढच्या प्रवासाला आम्ही दोघंच निघालो, काका राहिले. आम्हाला पोहोचवायला ते गावाच्या वेशीपर्यंत चालत आले. मिलिंद म्हणाला, नशीब, नेमकं आज त्यांचं अंगण उघडं होतं.

"यांचं अंगण सप्टेंबरात उघडतं," काका म्हणाले. "मे महिन्यात फांदी लावायची परवानगी नाही त्यांना. मी त्सुकुबातूनच चौकशी केली होती."

"मग तुम्ही आत कसे शिरलात?" मी विचारलं.

"तिने कळवलं ना," काका म्हणाले.