आणीबाणी शून्यावर

घडलेल्या गोष्टीची नोंद झाली की जबाबदारी संपते, या तत्त्वावर सुधारलेला समाज उभा आहे. आमची कंपनी त्याच्याही चार पावलं पुढे आहे.

आम्ही एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात घालायचं बटण बनवतो. पडलं-झडलं की दाबायचं. दाबलं की त्याची नोंद, म्हणजे लॉग, थेट क्लाउडवर. हे काम एक लायब्ररी करते (लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेला आयता कोड, तो वाचायचा नसतो). तिच्यात प्रत्येक नोंदीला दर्जा देता येतो: 'माहिती', 'इशारा' किंवा 'आणीबाणी'. आणीबाणी आली की पाळीवरच्या माणसाचा फोन वाजतो आणि तो घरच्यांना कळवतो.

फोन फार वाजू लागले. कुशीवर वळतानाही आज्ज्यांकडून बटण दाबलं जाई. पाळीवरची मंडळी कावली. भिंतीवरच्या पडद्यावर आलेख लालभडक दिसू लागला आणि पाहुण्यांसमोर साहेबांचं नाक कापलं गेलं. साहेबांनी मग अत्यंत धोरणी निर्णय घेतला. एक ओळ बदलून सगळ्या नोंदींना सरसकट 'माहिती' हा दर्जा देण्यात आला. त्या दुपारपासून आणीबाणीचं प्रमाण शून्यावर आलं (जगात इतरत्र हे कुणाला जमल्याचं ऐकिवात नाही). साहेबांना ढाल मिळाली, आम्हाला केक.

चाचणी करणाऱ्या बाईंनी नाट लावलाच. खरंच कुणी पडलं तर कळणार कसं, असं त्यांनी विचारलं. नोंद राहतेच की, असं साहेबांनी त्यांना समजावलं आणि केकचा कोपऱ्यातला तुकडा दिला.

पुढच्याच आठवड्यात साहेबांच्या आई न्हाणीघरात पडल्या. पडल्या सकाळी, शेजारणीने दार फोडायला लावलं तेव्हा उन्हं कलली होती. खुब्याचं हाड मोडलं.

दवाखान्यात त्या एवढंच म्हणाल्या, "अरे, मी दाबत होते रे. तुला कळलंच नाही का?"

साहेबांनी तिथेच लॅपटॉप उघडला. "आहे ना आई, सगळं आहे. एकही नोंद गहाळ नाही."

आईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. शरमेनं मान खाली घालावी असा प्रसंग होता, म्हणून आम्ही तो माहितीपत्रकात यशोगाथा म्हणून छापला. ओळ अजून तशीच आहे. ती बदलली तर आलेख पुन्हा लाल होईल.

तुमच्याही घरी कुणाच्या तरी गळ्यात आमचं बटण असेल. ते घेऊन दिल्यापासून तुम्ही किती निर्धास्त झालात, हे आम्ही जाणतो. त्यांनी ते कधी दाबलं, हे आमच्याकडे सेकंदासकट आहे. तुम्ही त्यांना शेवटचा फोन कधी केलात, याची नोंद मात्र कुणीच ठेवलेली नाही.