सगळ्यात वरची काठी

एका जंगलात, मुलांनो, वडीलधारी मंडळी फार होती. झाडं, ओढे, पाखरं वगैरेही होती, पण ती सगळी वडीलधाऱ्यांना विचारून.

जंगलाच्या एका अंगाला खाडी होती. अलीकडच्या काठावरची फळं संपत आली होती. पलीकडे मात्र जांभळांचा नुसता सडा पडायचा. वारा तिकडून आला की वास इकडे यायचा. वासानं पोट भरत नाही, हे तुम्हालाही कळतं. मोठ्यांना कळायला वेळ लागला, कारण त्यांच्या तरुणपणी अलीकडेच भरपूर फळं होती.

त्या जंगलात तुरतुरी नावाची एक तरुण खार होती. बंदराजवळच्या झाडावर राहून ती गलबतं बांधायला शिकून आली होती. आल्या आल्या ती पंचायतीसमोर उभी राहिली.

"एक गलबत बांधू या," ती म्हणाली. "सगळेच पलीकडे जाऊ."

पंचायतीत तिघं होती. सगळ्यात ज्येष्ठ दगडूअण्णा, म्हणजे कासव. त्यांच्या खालोखाल मुसंडेकाका, म्हणजे रानडुक्कर. आणि काटेमावशी, म्हणजे सायाळ.

"घाई करू नकोस, पोरी," दगडूअण्णा म्हणाले. एवढं म्हणायला त्यांना सकाळची दुपार झाली.

मग ठरलं ते असं. तुरतुरीनं आधी हातभर लांबीचं लाकडी गलबत करून दाखवायचं. जत्रेच्या दिवशी ते तळ्यात सोडायचं. तरंगलं, तर खरं गलबत बांधायला परवानगी. बुडालं, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.

तुरतुरी कामाला लागली. पांगाऱ्याचं हलकं लाकूड कुरतडून तिनं गलबताचं अंग कोरलं. मधोमध डोलकाठी उभी केली. मग आल्या आडव्या काठ्या, ज्यांवर शिडं टांगतात. खलाशी अशा काठीला परबाण म्हणतात. आपण आपलं काठीच म्हणू.

दिसायला सोपं, करायला कटकटीचं काम ते. काठी मध्ये जाड हवी, दोन्ही टोकांना निमुळती हवी. तुरतुरीनं बांबूच्या कामट्या दातांनी तासल्या, शिंपल्याच्या कडेनं घासल्या. लांब काठी खाली लावली, मधली मध्ये, सगळ्यात आखूड वर. घायपाताच्या वाखाच्या दोऱ्या वळल्या. प्रत्येक काठी दोरीच्या सैल कडीनं डोलकाठीला अडकवली, म्हणजे वारा बदलला की ती फिरवता यावी. फिरवायच्या दोऱ्या टोकांना बांधून खाली आणल्या. पळसाच्या पानांची शिडं चढवली.

तिचा मित्र वाकड्या मुंगूस बघत होता. त्यानं गलबत डबक्यात ठेवून फुंकर मारली. ते सरसरत पलीकडे गेलं.

"झकास!" वाकड्या म्हणाला. "आता कुणाला दाखवू नकोस."

पण दाखवावं लागणारच होतं. त्या जंगलात रीतच होती तशी. काहीही नवं केलं की प्रत्येक ज्येष्ठानं त्याला एक गाठ मारायची. ती मानाची गाठ. गाठी मारल्याशिवाय वस्तू वापरायची नाही, आणि मारलेली गाठ कुणी सोडायची नाही. त्या जंगलात पाळण्यातली पोरं बाहेर कशी काढत, ते मला विचारू नका.

पंचायत आली. दगडूअण्णांनी मान बाहेर काढून गलबत न्याहाळलं.

"गाठ मारायला माझी काठी कुठली?"

"सगळ्यात वरची, अण्णा. पहिला मान तुमचा."

"ही? ही तर सगळ्यात आखूड!"

"वर आखूडच लागते. वर वजन झालं की गलबत कलंडतं."

"म्हणजे माझं वजन नको?"

"तुमचं नाही हो, काठीचं!"

"मुसंड्याची काठी माझ्यापेक्षा मोठी," अण्णा खिन्नपणे म्हणाले. "काल जन्मलेला मुसंड्या."

मुसंडेकाकांना नातवंडं होती. तरी त्यांनी लाजून मान खाली घातली.

"आणि मी सगळ्यात खाली असून माझी सगळ्यात लांब?" काटेमावशी म्हणाल्या. "लोक काय म्हणतील? मावशीला पायरी कळत नाही म्हणतील. मला आपली आखूडच द्या."

झालं. लांब काठी वर गेली, आखूड खाली आली. पण अण्णांचं समाधान होईना.

"हिची टोकं अशी मरतुकडी का? या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी जाड हवी. आणि ही कडी सैल कशाला?"

"काठी फिरायला हवी, अण्णा."

"माझी काठी फिरणार? कोण फिरवणार?"

"वारा."

"वाऱ्याचं वय किती?"

बंदरावर तुरतुरीला हे कुणी शिकवलं नव्हतं.

"अहो, बुडेल हे!" शेवटी ती ओरडली.

"शिकून आली ना, म्हणून जीभ सुटलीय," काटेमावशी म्हणाल्या. "मोठ्यांचं ऐकायला शिकवत नाहीत वाटतं तिकडे?"

अण्णांनी वर सारखी जाड काठी बसवायला आणि कडी काढायला लावून तिथे स्वतःची गाठ आवळली. मग काकांनी आवळली. मग मावशींनी. तुरतुरी शेपटी फुलवून बघत राहिली. गाठी नकोत म्हणावं, तर गलबत तळ्यात उतरणार नाही. गाठी घ्याव्यात, तर ते तळ्याच्या बुडाशी उतरणार.

जत्रेच्या दिवशी सगळं जंगल तळ्याकाठी जमलं. गलबत पाण्यात सोडलं. ते क्षणभर उभं राहिलं, बहुतेक भिडेखातर. मग आडवं झालं. मग उलटं झालं. मग दिसेनासं झालं.

अण्णांनी ते वर काढायला लावलं आणि एकेक गाठ चाचपून बघितली.

"बघा!" ते म्हणाले. "एकही गाठ सुटलेली नाही!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"पण ते बुडालं ना?" वाकड्यानं विचारलं.

काटेमावशींचे काटे उभे राहिले. "आमच्या गाठी असलेली वस्तू बुडेल कशी? तसं म्हणणं म्हणजे आमचा अपमान आहे. ते तरंगलं. जरा खालून तरंगलं, एवढंच."

मुसंडेकाकांना हे फार पटलं. पंचायतीनं तिथेच जाहीर केलं. गलबत तरंगलं. सबब खरं गलबत बांधायला परवानगी आहे. मात्र ते हुबेहूब या नमुन्यासारखं हवं, गाठींसकट. आणि त्यात बसायचा पहिला मान ज्येष्ठांचा.

वाकड्यानं तुरतुरीला कोपरानं ढोसलं. "भांड की! एरवी तर तोंड मिटत नाही तुझं."

तुरतुरीनं तोंड उघडलं होतंच. तिनं ते मिटलं. मग पुन्हा उघडलं.

"बरं, अण्णा," ती म्हणाली.

मावशींनी डोळे पुसले. "पोरगी ऐकायला लागली गं बाई!"

"तुम्ही सांगाल तसंच बांधते. तिळभर बदल करत नाही. फक्त सामानासाठी मागून एक साधं गलबत लागेल. त्याच्या काठ्यांना गाठी कुणाच्या…"

"सामानाला कसला आलाय मान?" अण्णा हसले. "तुमचं तुम्ही बांधा कसंही."

दोन्ही गलबतं तयार झाली. पहिल्याच्या डोक्यावर अख्खा वासा आडवा आवळला होता. दुसऱ्याच्या काठ्या खाली लांब, वर आखूड, टोकांना निमुळत्या, आणि वाऱ्याबरोबर फिरणाऱ्या. सामान थोडंच होतं, म्हणून दुसऱ्यात बाकीचं जंगल चढलं.

पहिलं गलबत सोडायला तुरतुरीनं गुडघाभर पाण्याची जागा निवडली होती. ती रागीट होती, दुष्ट नव्हती.

ज्येष्ठ मंडळी हात हलवत गलबतात बसली. गलबत आडवं झालं. ज्येष्ठ मंडळी चिखलात बसली. हात अजून हलतच होते.

शेजारून दुसरं गलबत शिडं फुगवून निघालं. काकांनी अण्णांना उचलून सुलटं केलं. अण्णांनी डोळ्यांवरचा चिखल पुसला आणि ओरडून विचारलं, "पोरी, आम्ही सांगितलेलं काही करायचं राहिलं का गं?"

"नाही, अण्णा," तुरतुरी दोर खेचत म्हणाली. "सगळं ऐकलं."

तात्पर्य : मुलांनो, वडीलधाऱ्यांचं नेहमी ऐकावं. शब्दन् शब्द ऐकावा, त्यात आपलं काही घालू नये. आणि मग दुसऱ्या गलबतात बसावं.