अल्टरला गेलेला तांडेल

परुळेकर काका एकादशीला लढत नाहीत. उपास असतो म्हणून नव्हे. एकादशीला त्यांच्या डब्यात तळलेला बांगडाही असू शकतो. पण एकादशीच्या दुपारी समुद्राला ओहोटी असते, आणि ओहोटीला त्यांचे हातपाय चालत नाहीत. समोर राक्षस येऊन उभा राहिला तरी ते शांतपणे सांगतात, "आज मी फक्त सामान उचलणार."

हे जरा नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्ही त्यांना वेडे समजाल. तसे ते थोडे आहेतच, पण या कारणाने नाहीत.

दर रविवारी तीन वाजता लालबागला आमच्या चाळीतल्या बाहेरच्या खोलीत आम्ही मला धरून चार जण खेळायला बसतो. खेळ परदेशी आहे. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, कुणी मांत्रिक, कुणी योद्धा, कुणी चोर. एकाने गोष्ट सांगायची आणि अडलं की फासा टाकायचा. गोष्ट मी सांगते. माझे बाबा मागे कॉटवर पडून ऐकतात. तरुणपणी मालवणात होडी वल्हवलेला माणूस, त्यांना कशाचं नवल वाटत नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी निकाल दिला होता, "ह्यो दशावतारच मां. फक्त बसान करूचो."

आता पात्रं एका जाड पुस्तकातून निवडायची असतात. नवं पुस्तक निघायच्या आधी कंपनी काही कच्ची पात्रं इंटरनेटवर टाकते: खेळून बघा, फॉर्म भरा, मार्क द्या. लोकांना आवडलेली पात्रं पुस्तकात जातात. न आवडलेल्यांचा विषय मोडलेल्या सोयरिकीसारखा बंद होतो, पुन्हा कुणी नावही काढत नाही. परुळेकर काका फक्त ही नापास पात्रं घेऊन खेळतात.

त्यांची एक फाईल आहे. तिच्यात एकेका पारदर्शक पिशवीत एकेक पात्र, शर्टासारखं घडी घालून. जरा वेळ मिळाला की ते फाईल उघडून ओळख करून देतात. हा राखेचा योद्धा, दीड महिना टिकला. ही मधमाश्यांची राणी, हिचे नियमच कुणाला कळले नाहीत, बिचारी. गावच्या वारलेल्या माणसांबद्दल बोलतात तसा त्यांचा सूर असतो, आणि आपणही नकळत 'अरेरे' म्हणून जातो.

त्यातलं त्यांचं लाडकं पात्र म्हणजे 'भरतीचा भटजी'. मूळ इंग्रजी नाव भारदस्त आहे, काकांच्या तोंडी हेच. याची शक्ती समुद्राच्या पाण्याबरोबर चढते आणि उतरते. पाणी चढलं की उतरलं हे फाशावर ठरवा, असं कंपनीचं म्हणणं होतं. काकांना ते पटलं नाही. समुद्र काय फासा टाकून चढतो का, असं त्यांनी मला विचारलं होतं. म्हणून ते कोकणातला हिशेब लावतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पाऊणकी त्यांना अजून पाठ आहे: चार पाऊण तीन. म्हणजे चतुर्थीला तीन वाजता भरती, आणि आमचा खेळ नेमका तीनला सुरू होतो. एकादशीला हाच हिशेब सव्वाआठवर जातो, म्हणून दुपारी ओहोटी. रविवारी संकष्टी आली की काका अजिंक्य. एकदा संकष्टीला त्यांनी एकट्याने किल्लाच बुडवला, आणि आमच्याच माणसांना कोरडं राहण्यासाठी बुरुजावर चढून बसावं लागलं. पात्राचं नाव तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या. झॅरॅक्स, एल्डोरिन अशा मंडळींच्या पंगतीत हा तांडेल बसतो.

काका राहतात परळला, पण मूळचे कोकणातल्या परुळ्याचे, समुद्राकाठचे. काकी जाऊन सहा वर्षं झाली. नोकरी वडाळ्याच्या एका एक्स्पोर्ट कंपनीत, चेकरची. शिवून आलेला शर्ट उजेडात धरायचा, सुटलेला टाका किंवा तिरकं बटण शोधायचं आणि तिथे लाल बाणाचा छोटा स्टिकर लावायचा. त्यांचे वडील गिरणीत फोल्डिंग खात्यात होते. तेही जन्मभर कापडातले दोष काढत होते. त्यामुळे दोष दिसला की काकांचा हात आपोआप खिशाकडे जातो, आणि खिशात बाणांची पट्टी असतेच. आमच्या गणपतीच्या मखराला बाण लागलेला आहे. एका लग्नात नवऱ्या मुलाच्या शेरवानीला लागलेला आहे. एकदा माझ्या पाठीला लावलेला बाण मिरवत मी दादरपर्यंत जाऊन आले. तिथे शिवण उसवली होती हे मात्र खरं. रागावलं तर त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे, "पीस वाईट नाही. दोष सांगतोय."

तर या तांडेलावर गेल्या महिन्यात संकट आलं.

समीर हा आमच्यातला दादरचा, नियमाला धरून चालणारा मुलगा. आदल्या एकादशीला त्याचा मांत्रिक दरीत पडून मेला होता. दोन वर्षं जपलेलं पात्र. शेजारी तांडेल हातात सामान घेऊन उभा होता आणि ओहोटी असल्यामुळे त्याला काही करता आलं नाही. समीरचं दुःख मला कळत होतं. पुढच्या रविवारी तो नवं कोरं पुस्तक घेऊन आला आणि म्हणाला की आता तरी फक्त छापील पात्रं खेळू या. भरतीचा भटजी यात नाहीये. कंपनीनेच काढलाय तर आपण का ठेवतोय?

मला वाटलं, काका आता खिशात हात घालणार आणि त्या पुस्तकाला बाणांनी सजवणार. पण त्यांनी पुस्तक हातात घेतलं, एकेक पान उलटत शेवटापर्यंत गेले आणि मिटून समीरला परत दिलं. "म्हणजे घेतलंच नाही," एवढंच म्हणाले. मग पाणी प्यायले आणि लवकर निघून गेले. फाईल टेबलावरच राहिली.

काका वस्तू विसरत नाहीत. मला ते लागलं.

शेवटी तोड मीच काढली. कंपनी करते तसंच आपण करू, सगळ्यांनी फॉर्म भरायचा. समीरने लगेच छान फॉर्म तयार केला: पाचापैकी मार्क, दोषांचा रकाना, आणि खाली 'ठेवावं की काढावं'. शनिवारी तो फॉर्म आणि फाईल घेऊन मी परळला गेले.

वाटेत मी फाईल चाळली, हे कबूल करते. सगळ्यात शेवटच्या पिशवीत पात्र नव्हतं, चित्र होतं. होडीत उभा राहिलेला तांडेल, अंगरखा वाऱ्यावर, दोन्ही हातांत वल्हं. खाली केतकीची सही. केतकी म्हणजे काकांची मुलगी आणि माझी कॉलेजची मैत्रीण. हा खेळ आमच्यात आणला तो तिनेच. आता ती आयर्लंडला एका हॉस्पिटलात फिजिओ आहे, आणि काका बसतात ती जागा मुळात तिची. चित्रात तांडेलाच्या डाव्या हातावर लाल बाण होता.

काकांनी चहा केला. मी चित्राबद्दल विचारलं. बशी पुसता पुसता ते सांगायला लागले.

हे पात्र केतकीने शोधलेलं, तांडेल हे नावही तिचंच. कंपनीचा फॉर्म आला तेव्हा दोघं मिळून भरायला बसली. तिला पाचापैकी पाच द्यायचे होते. काका म्हणाले, असं आंधळेपणाने पास करायचं नसतं. त्यांनी सतरा दोष लिहिले आणि दोन मार्क दिले.

"आमच्यात दोन म्हणजे अल्टर," काका म्हणाले. "पीस मागे जातो, उसवतात, नीट शिवतात आणि परत माझ्याच टेबलावर येतो. मला वाटलं, हाही येईल."

वर्षभर त्यांनी वाट बघितली. मग केतकीने समजावलं की बाबा, तिकडे अल्टर खातं नसतं, दोन म्हणजे गेलं. ती हसत हसतच म्हणाली होती. पण त्याच आठवड्यात काकांनी तिच्या चित्रालाही बाण लावला होता, हात उलटा काढलाय म्हणून. त्यानंतर तिने त्यांना एकही चित्र दाखवलं नाही. बाण काढायचा त्यांनी दोनतीनदा प्रयत्न केला; त्याच्याबरोबर कागद निघायला लागला.

मी म्हटलं, काका, जगभरातून फॉर्म येतात, तुमच्या एकट्याच्या फॉर्मने काय होणार? ते म्हणाले, "प्रत्येकाने एकेकच भरला असेल ना."

केतकी आयर्लंडला गेली त्यानंतर रविवारी संध्याकाळचा फोन दोन मिनिटांत संपायचा. जेवलीस का, थंडी आहे का, ठेवतो. मग काका तांडेलाला घेऊन आमच्याकडे खेळायला यायला लागले. आता फोन उचलल्या उचलल्या ती विचारते, बाबा, आज भरती होती का? आणि अर्धा पाऊण तास दोघं बोलतात.

"तांडेल गेला तर मी तिला काय सांगू, शिल्पा?" काकांनी विचारलं.

मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी कप धुवायला उठले. निघताना फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो माझ्याकडे सरकवला. आपल्या घरचा पीस चेकरने तपासायचा नसतो, म्हणाले. मी तो तिथेच ठेवून आले.

रविवारी दशमी होती, पाणी चढायला लागलेलं. काका तीनच्या ठोक्याला आले आणि घडी घातलेला फॉर्म माझ्या हातात देऊन खिडकीकडे तोंड करून बसले. मी वाचायला सुरुवात केली. माझे पाच मार्क होते. आमच्यातल्या चौथ्या भिडूने, विन्याने, चार मार्क देऊन दोषांच्या रकान्यात लिहिलं होतं, 'किल्ला बुडवायच्या आधी सांगावे.' मग समीरचा फॉर्म. मार्क तीन. खाली लिहिलं होतं, 'ठेवावं. पण एक बदल. ओहोटीला शक्ती नसू दे, दोर तरी फेकता आला पाहिजे. माझा माणूस वाचला असता.'

काका वळले. त्यांनी तो कागद मागून घेतला आणि शर्ट धरतात तसा उजेडात धरून वाचला. "हे अल्टर झालं," ते हळूच म्हणाले. समीरला काही कळलं नाही. काकांनी मात्र त्याच्या पाठीवरून हात फिरवला, आणि मी पटकन त्याची पाठ बघून घेतली. बाण नव्हता.

शेवटी काकांचा फॉर्म. मार्क पाच. दोषांच्या रकान्यात चेकरच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'दोष आहेत. राहू द्यावेत.' खाली सही.

खेळ संपल्यावर त्यांना घरी जाईपर्यंतही धीर निघाला नाही. गॅलरीत उभं राहूनच त्यांनी केतकीला फोन लावला. दार उघडं होतं, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू येत होतं. तांडेल राहिला, त्याला आता दोर मिळालाय, हे सांगून झालं.

"आणि केतू, तो चित्रातला हात. बाण चुकीचा होता माझा. ओहोटीच्या ओढीत वल्हं तसंच धरतात. तुझं बरोबर होतं." पलीकडून ती बराच वेळ काहीतरी बोलत होती. काका चष्मा काढून नुसते हो हो म्हणत होते. "नवीन काढलंस तर पाठव," असं म्हणाले आणि बोलत बोलत जिन्याकडे गेले.

फाईल टेबलावर उघडीच होती. मला राहवलं नाही. मी ते चित्र बाबांना नेऊन दाखवलं. त्यांनी कॉटवर उठून बसत ते लांब धरलं, जवळ धरलं.

"असा कोण धरता गो?" बाबा म्हणाले. "होडी थयच्याथय गोल फिरात."

हे काकांना सांगू नका, असं मी त्यांना बजावलं. बाबांनी चित्र माझ्या हातात दिलं आणि पुन्हा आडवे झाले.

"परुळ्याचो माणूस तो," ते म्हणाले. "तेका ठावक नसतला?"