सहाशे दोन कोटी कोटी कोटी

बाळांनो, एका जंगलात एक शाळा होती आणि एक तळं होतं. शाळेत गणितं बारमाही होती. तळ्यातलं पाणी मात्र उन्हाळ्यात तळाला जायचं.

शाळेत शेवटच्या बाकावर दुंदी नावाची हत्तीण बसायची. म्हणजे बाकावर नाही, बाकाच्या मागे. बाक पहिल्याच दिवशी मोडला होता. दुंदी स्वभावाने गोड, पण रसायनशास्त्रात कच्ची. मोलची गणितं तिला तीन वर्षं चकवत होती.

टिटवीबाई जीव तोडून शिकवायच्या. पदार्थ किती ग्रॅम आहे ते बघा, त्याला रेणुवस्तुमानाने भागा, झाले मोल. पाण्याचं रेणुवस्तुमान अठरा. म्हणून अठरा ग्रॅम पाणी म्हणजे एक मोल. आणि एका मोलात रेणू किती? तर सहाशे दोन कोटी कोटी कोटी. तुम्ही घाबरू नका, तुमची परीक्षा नाही. दुंदीची होती, आणि ती भागायच्या जागी गुणायची. एकदा तिने छत्तीस ग्रॅम पाण्याचे सहाशे अठ्ठेचाळीस मोल काढले. बाईंनी वहीत लाल शाईने विचारलं होतं, एवढं पाणी कुठून आणलंस?

त्या वर्षी तळं फारच आटलं. वाघमहाराजांनी तळ्याला कुंपण घातलं. पाणीमंत्री रंगराव सरडे यांना त्यांनी बजावलं, की पाणी थोडंच द्यायचं, पण ऐकणाऱ्याला भरपूर वाटलं पाहिजे. रंगराव शाळा शिकलेले नव्हते. मात्र शाळेच्या खिडकीत ऊन खात पडायची त्यांना सवय होती. अठरा ग्रॅम पाण्यात केवढा मोठा आकडा मावतो, हे तिथे त्यांच्या कानावर पडलं होतं. बाकीचं ऐकायच्या आत त्यांना डुलकी लागली होती.

दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली. प्रत्येक प्राण्याला, लहानथोर असा भेद न करता, रोज पाण्याचे सहाशे दोन कोटी कोटी कोटी रेणू मिळतील.

जंगल नुसतं वेडं झालं. माकडांनी आनंदाच्या भरात एकमेकांच्या शेपटांना गाठी मारल्या. गव्याने दोन वेळच्या अंघोळीचा बेत जाहीर केला. कोल्हीणबाईंनी उरलेले कोटी साठवायला मडकी मागवली. दुंदीही नाचली, आणि शाळेची मागची भिंत पडली.

नाचता नाचता ती थबकली. हा आकडा तिच्या वहीत होता, लाल शाईच्या शेजारी. दुंदीला दिवसाला नव्वद लिटर पाणी लागायचं. ते मिळालं नाही तर हा उन्हाळा आपण काढणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने सोंडेने धुळीत गणित मांडलं, आणि घाबरून का होईना, जन्मात पहिल्यांदा भागाकार केला. रोजचं पाणी आलं एक मोल. म्हणजे अठरा ग्रॅम. पुरते चार चमचेही नाहीत.

ती धावत सभेत गेली. मोठ्या खडकावर तिने सगळं गणित खडूने सोडवून दाखवलं, एकूण एक पायऱ्यांसकट. मग गवा उठला.

“काल आमचे सहाशे दोन कोटी कोटी कोटी होते,” तो म्हणाला. “हिने भागलं, आणि अठरावर आणून ठेवले.”

हे सगळ्यांना लगेच पटलं. भागलं की कमी होतं, हे तर ससुल्यालाही दिसत होतं. पाणी आटायला दुंदीच जबाबदार ठरली. तिला सभेतून हाकललं, खडक धुवायला लावला, तोही कोरडाच. वाघमहाराजांनी जंगलात भागाकाराला बंदी घातली. टाळ्या थांबेचनात. टिटवीबाईंनी बोलायला चोच उघडली, महाराजांच्या जबड्याकडे पाहिलं, आणि मिटली.

सकाळी तळ्यावरच्या बगळ्याने एकेकाला पानाच्या द्रोणात घोटभर पाणी दिलं. गव्याची जीभही भिजली नाही. पण तो म्हणाला, की आपण घाईने प्यायलो, एवढे रेणू सावकाश मोजून गिळायला हवे होते.

दुंदी झाडाआड जाऊन रडली. डोळ्यांतून पाणी वाया जातंय हे लक्षात आल्यावर थांबली. मग तिने बंदी मोडून मनातल्या मनात पुन्हा भागाकार केला. नव्वद लिटर म्हणजे नव्वद हजार ग्रॅम. भागिले अठरा. ती डोळे पुसून दरबारात गेली आणि सोंड जमिनीला टेकवून उभी राहिली.

“महाराज, इतका मोठा आकडा मला गरिबाला पेलवत नाही. माझे सगळे कोटी परत घ्या. मला आपले रोज पाच हजार मोल द्या.”

दरबार खो खो हसला. आनंदाने रंगरावांनी तीन रंग बदलले. मोल म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि विचारायची लाज वाटली. आकडा लहान आहे, एवढं त्यांना पुरलं. महाराजांनी हुकमावर पंजा उमटवला.

बगळा नियमाने चालणारा. पाच हजार मोल म्हणजे किती, हे तो टिटवीबाईंना विचारून आला. मग कुंपण उघडून त्याने दुंदीला मोजून नव्वद लिटर पाणी दिलं.

“बिचारी,” कुंपणाबाहेरून गवा म्हणाला. “फक्त पाच हजार.”

दुंदीला भरून आलं. ती त्याच्या कानाशी गेली आणि म्हणाली, “दादा, तूही पाच हजार मोल माग.”

“मला काय वेड लागलंय?” असं म्हणून गवा कोरड्या जिभेने आपले कोटी मोजत निघून गेला. दुंदीने त्याच्या पाठीकडे जरा वेळ पाहिलं आणि पुन्हा सोंड भरली.

वार्षिक परीक्षेत मोलच्या गणिताचं तिचं एकटीचंच उत्तर बरोबर आलं. पायऱ्या दाखवल्या नाहीत म्हणून टिटवीबाईंनी अर्धा गुण कापला.

तात्पर्य: गणिताचं उत्तर बरोबर आलं, तर ते चारचौघांत सांगत बसू नये. गुपचूप पिऊन टाकावं.