टण्णासाहेबांचा गौरवग्रंथ

इंग्रजी शीर्षकातल्या ‘ऑफ’चा ओ लहान ठेवायचा की मोठा, यावरून मुखेडच्या त्या कॉलेजात भांडण पेटलं आणि ते विझवायला गेलेले शिवमूर्ती सर त्यात होरपळले.

शिवमूर्ती इंग्रजी शिकवायचे, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे उन्हाळ्यात नोकरी नाही आणि दिवाळीत खात्री नाही. संस्थेचे संस्थापक चन्नबसप्पा अण्णा यंदा पंचाहत्तरीचे झाले, तेव्हा त्यांचे चिरंजीव आणि संस्थेचे सचिव बसवराज यांनी शिवमूर्तींना बोलावून घेतलं होतं. “सर, अण्णांचा गौरवग्रंथ झकास निघाला पाहिजे. मग तुमच्या कायमच्या ऑर्डरचं बघू.” ‘बघू’ हा शब्द शिवमूर्ती लग्नाआधीपासून ऐकत आले होते, पण त्याच्या आधी ‘मग’ लागलेला त्यांनी पहिल्यांदाच ऐकला. घरी येऊन त्यांनी बायकोला, दामिनीला, तो ‘मग’ दोनदा म्हणून दाखवला.

ग्रंथाचे दोन भाग होते. पुढचा मराठी लेखांचा, मागचा इंग्रजी लेखांचा. मराठी भाग समितीनं तपासून, सह्या करून कधीच मोकळा केला होता. घोडं अडलं इंग्रजीत. भूगोलाच्या सरांनी शीर्षकातला प्रत्येक शब्द मोठ्या अक्षरानं सुरू केला होता. राज्यशास्त्राच्या मॅडमनी एकही केला नव्हता. वाणिज्यच्या सरांनी तर एका शब्दाच्या मधोमध मोठा एम घातला होता. का, असं विचारल्यावर म्हणाले, “तिथं जरा वजन येतं.” शिवमूर्तींनी दुरुस्त्या सुचवल्या, तशी तिघं एक झाली. कायम नोकरीतल्या माणसाच्या शीर्षकाला तासिकेवरच्या माणसानं हात लावायचा म्हणजे काय?

तेव्हा शिवमूर्तींना इंटरनेटवर ते सॉफ्टवेअर सापडलं. संपादनाचे नियम त्यात आधीच भरलेले. आपण फक्त कुठली नियमावली पाहिजे ते सांगायचं. शीर्षकातला कुठला शब्द मोठ्या अक्षरानं सुरू करायचा आणि कुठला लहान ठेवायचा, ते आपलं आपण ठरवून टाकतं. यंत्राशी कोण भांडणार? शिवमूर्ती ते पेनड्राइव्हवर घेऊन एसटी स्टँडसमोरच्या केरबाच्या डीटीपी सेंटरवर गेले. ग्रंथाची जुळणी केरबाच करत होता.

“सर, तुमी लई फिकीर करून राहिले,” केरबा म्हणाला. “मोठं आसू की बारकं, वाचायलंय कोन?”

“केरबा, अक्षर म्हणजे इज्जत असते.”

शिवमूर्तींनी ‘सर्व शीर्षके’ यावर खूण केली. खाली आणखी एक चौकोन होता, ‘छपाईला जाताना आपोआप’. त्यावरही खूण केली, म्हणजे ऐनवेळी कुणी येऊन मधला एम पुन्हा मोठा करायला नको. नमुन्यादाखल त्यांनी इंग्रजीची चार पानं काढून पाहिली. ‘ऑफ’ लहान, ‘द’ लहान, नामं मोठी, शेवटचा शब्द मोठा. सगळं कसं जागच्या जागी! अख्ख्या नोकरीत त्यांना इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. फाइल लातूरच्या छापखान्यात गेली.

समारंभाच्या दिवशी सकाळी टेम्पोनं गठ्ठे कॉलेजात उतरवले. शिवमूर्ती एक प्रत छातीशी धरून घरी आले आणि दामिनीपुढे मागची पानं उघडून उभे राहिले. “बघ. हा ‘ऑफ’ बघ.”

दामिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. तिला पुस्तक पुढून वाचायची सवय. तिनं पहिलं पान उघडलं, जरा थांबली, डोळ्यांजवळ नेलं.

“अहो, हे टण्णा कोण?”

“कोण?”

“टण्णा. ‘टाठवणीतले टण्णा.’ पुढं, ‘डदगीरचा छीपस्तंभ.’ अन् हे, ‘छानशूर टण्णा.’” तिनं पान उलटलं. “‘छगडातला छेव.’ प्राचार्यांचा लेख हाय हा.”

शिवमूर्तींनी पुस्तक हिसकावून घेतलं. आतला मजकूर स्वच्छ होता. प्रत्येक लेखात अण्णा हे अण्णाच होते. फक्त शीर्षकं, ठळक, पानाच्या डोक्यावर, लांबूनही वाचता येतील अशी, वेगळंच काही बोलत होती. अण्णांच्या मातोश्रींवरचा एक हृद्य लेख होता. त्याचं मूळ शीर्षक ‘अण्णांची आई’. छापलं होतं, ‘टण्णांची टाई’.

ते मटकन खाली बसले. दामिनी पाणी आणायला गेली, पण आतून तिचा हसू दाबल्याचा आवाज येत होता आणि तो त्यांना जास्त लागला.

केरबाला फोन लागला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

“हाव सर, होनारच तसं,” तो म्हणाला. “आपला मराठी फाँट जुना हाय न्हवं का. वरून मराठी दिसतंय, पन कॉम्प्युटरच्या पोटात समदी इंग्रजी अक्षरं. बारका व्ही दाबला की अ उमटतोय, मोठा व्ही दाबला की ट. बारका एन म्हंजे द, मोठा एन म्हंजे छ. उ चा तसाच ड होतोय. तुमच्या सॉफ्टवेअरला वाटलं ही बी इंग्रजीच हाय. त्यानं मराठीच्या बी पैल्या पैल्या अक्षराला मोठं करून टाकलं.”

“मग तुम्ही बघितलं कसं नाही?”

“पडद्यावर बरूबर दिसत व्हतं की. छपाईला जाताना आपोआप, आसं तुमीच खून केली.”

शिवमूर्तींच्या डोळ्यांपुढे ऑर्डरीचा कागद आला, आणि त्याच्या कोपऱ्यातला त्यांच्या नावाचा शि मिटत गेला. पण अजून समारंभाला वेळ होता. आणि मराठी छापखान्यांनी अशा प्रसंगासाठी एक उपाय शोधून ठेवलेलाच आहे.

“केरबा, शुद्धिपत्र काढा! डावीकडं छापलेला शब्द, उजवीकडं वाचायचा शब्द. ठळक काढा, लोकांना दिसलं पाहिजे. खाली बारीक अक्षरांत लिहा, ‘डावीकडील शब्द उजवीकडे दिल्याप्रमाणेच वाचावेत, ही आग्रहाची विनंती. संपादक.’ झेरॉक्स मारा आणि कॉलेजवर आणा. आणि आधी ते सॉफ्टवेअर बंद करा.”

“केलं की,” केरबा म्हणाला. त्यानं खरोखरच पडद्यावरची त्याची खिडकी बंद केली होती.

केरबा गठ्ठा घेऊन आला, तेव्हा मांडवात लाउडस्पीकर सुरू झाला होता. शिवमूर्ती, दामिनी आणि शिपाई पंचाक्षरी ग्रंथालयात जमिनीवर बसून डिंकानं चिठ्ठ्या चिकटवू लागले. हात इतका झपाट्यानं चालला होता की वाचायला कुणाला सवड नव्हती. व्यासपीठावरची रेशमी कापडात बांधायची प्रत तर पंचाक्षरीनं पळत नेऊन दिली. शेवटची चिठ्ठी लागली आणि दामिनीची नजर तिच्यावर पडली. तिनं ती प्रत नवऱ्यापुढे सरकवली.

केरबानं शब्द ठळक दिसावेत म्हणून शीर्षकाच्याच साच्यात टाकले होते. आणि छपाईला जाताना आपोआप ते सगळे पुन्हा एकदा दुरुस्त झाले होते. डावीकडं टण्णा, उजवीकडं टण्णा. डावीकडं छानशूर, उजवीकडं छानशूर. डावीकडं टाई, उजवीकडं टाई. आणि खाली बारीक, निर्दोष मराठीत: डावीकडील शब्द उजवीकडे दिल्याप्रमाणेच वाचावेत, ही आग्रहाची विनंती. संपादक.

“आपण सासुरवाडीला जाऊ,” शिवमूर्ती म्हणाले. “तुझे आप्पा मला त्यांच्या दालमिलवर ठेवून घेतील.”

“आधी उठा. लोक बघून राहिलेत.”

मांडवात शेवटच्या खांबाआड ते उभे राहिले. प्रमुख पाहुणे पुण्याहून आलेले भाषेचे मोठे अभ्यासक होते. प्रवासानं दमले होते आणि ग्रंथ हाती पडून त्यांना चहा प्यायला लागतो तेवढाच वेळ झाला होता. त्यांनी कापड सोडलं, पानं उलटली, कपाळाला आठी घातली. मग त्यांना चिठ्ठी दिसली. ती त्यांनी वाचली, परत वाचली, आणि आठी हळूहळू मोकळी झाली. शिवमूर्तींनी डोळे मिटून घेतले.

“मित्रहो,” पाहुणे म्हणाले, “मी आयुष्यभर बोलींचा अभ्यास केला. पण आज इथं मला जे सापडलं, ते कुठंच सापडलं नव्हतं. आपल्या लाडक्या अण्णांना या सीमाभागात लोक काय म्हणतात? टण्णा!”

मांडवात लोक एकमेकांकडे बघू लागले.

“कन्नड, तेलुगू आणि दख्खनी यांच्या मधोमध ही मराठी उभी आहे. इथं अ चा ट होतो, द चा छ होतो. दानशूर नव्हे, छानशूर! किती गोड! आणि संपादकांची दृष्टी बघा. लेखात प्रमाण रूप, शीर्षकात लोकांचं रूप. वर कुणी पुस्तकी माणूस ते सुधारून वाचेल, म्हणून त्यांनी स्वतंत्र चिठ्ठी चिकटवून बजावलंय, टण्णा म्हणजे टण्णाच वाचा!”

कुठूनतरी एक टाळी वाजली. मग भूगोलाच्या सरांनी वाजवली, मग सगळ्यांनी. मागच्या रांगेतली पोरं ओरडली, “टण्णासाहेब आगे बढो!” व्यासपीठावर अण्णांनी कानामागं हात धरून शेजारच्याला काहीतरी विचारलं, उत्तर ऐकलं आणि हात जोडून उभे राहिले.

समारंभानंतर बोलावणं आलं. शिवमूर्ती ऑफिसात गेले, तर अण्णा हारासकट खुर्चीत बसलेले, ग्रंथ मांडीवर, आणि बसवराज बाजूला उभे.

“यप्पा, या संपादक!” अण्णा म्हणाले. “पाव्हन्यानं लई मोठं केलं मला. माजी आई मला टण्णाच म्हनत आसंल. मला ध्यानात न्हाई, न्हानपनीच गेली ती. पर तुमी कुटून हुडकून काढलं?”

शिवमूर्तींना खोटं बोलवेना. “अण्णा, खरं सांगतो, ते मी नाही, ते सॉफ्टवेअर—”

“टण्णा म्हणा सर,” बसवराज म्हणाले. “मराठी भाग एक नंबर झालाय. त्याला हात लावायचा नाही. पण हे मागचं काय?” त्यांनी इंग्रजी पानं उघडली. “हा ‘द’ बारका. हा ‘ऑफ’ बारका. इथं तर नुसता ‘ए’, तो बी बारका, अन् त्याला लागून अण्णांचं नाव! समारंभात कुणी काही म्हणलं नाही ही आपली किस्मत. तुमची ऑर्डर आज देणार होतो मी.”

“साहेब, तेवढंच बरोबर आहे!” शिवमूर्ती जवळजवळ ओरडले. “तसा नियम आहे. बारके शब्द बारकेच ठेवायचे.”

अण्णांनी मान हलवली. रागावले नव्हते, दुखावले होते, आणि ते जास्त कठीण होतं.

“सर, समद्यांची लेकरं एका बाकावर बसावी म्हनून म्या हे कॉलेज काडलं,” ते म्हणाले. “अन् तुमी माझ्याच पुस्तकात अक्षरांमधी न्हान-थोर करून राहिले?”

“दुसरी आवृत्ती काढू,” बसवराज म्हणाले. “इंग्रजीतलं एकूण एक अक्षर मोठं पाहिजे. तोवर तासिकेवरच चालू द्या.”

शिवमूर्तींनी तोंड उघडलं. नामं, क्रियापदं, उभयान्वयी अव्ययं, सगळी नियमावली त्यांच्या जिभेवर येऊन उभी राहिली. समोर म्हातारा माणूस गळ्यातला झेंडूचा हार सावरत, पुस्तकातल्या आपल्या नव्या नावावरून बोट फिरवत होता.

“चुकलं माझं,” शिवमूर्ती म्हणाले, “टण्णा.”

म्हाताऱ्याचा चेहरा फुलून आला.