आधी तण दाखवा

कडावच्या नाक्यावर इब्राहिमचाचांचं खता-बियाण्यांचं दुकान आहे. तिथे तणनाशक मागायला गेलात तर चाचा आधी तण मागतात, तेही मुळासकट. मागे एका फार्महाउसवाल्या साहेबांनी गाडीत बसूनच मोबाइलवरचा फोटो दाखवला. चाचांनी चष्मा पुसून तो नीट पाहिला आणि मोबाइल परत दिला. "फोटोला मूळ नसतं. उपटून आणा." साहेब तिथून निघाले ते थेट कर्जतच्या दुसऱ्या दुकानात. चाचांची गिऱ्हाइकं अशी कमी होत गेली आहेत.

त्यांचा दुसरा नाद म्हणजे साखरेचं बीट. हे पीक त्यांनी, मी किंवा कडावात कोणीही पाहिलेलं नाही. काही वर्षांपूर्वी एका कंपनीने इथे मंडप घालून मेळावा घेतला. सत्कार झाले, मग सत्कार करणाऱ्यांचे सत्कार झाले, आणि शेवटी टाय लावलेल्या तज्ज्ञांनी आम्हा भातवाल्यांना परदेशातल्या बिटाची फिल्म दाखवली. जनुक बदललेलं बीट. वरून औषध फवारलं की तण आडवं आणि बीट ताठ. लोकांचं लक्ष जेवणाच्या वासाकडे होतं. चाचांनी एकट्याने हात वर करून विचारलं, जे तण मरत नाही त्याचं काय करता? सगळं मरतं, असं तज्ज्ञ म्हणाले.

चाचांना ते पटलं नाही. परदेशी दिलेल्या लेकीची करावी तशी ते पुतण्याच्या मोबाइलवर बिटाची चौकशी करत राहिले. तेच ते औषध वर्षानुवर्षं मारून तिकडे न मरणारं तण माजलं आणि शेतकऱ्यांना पुन्हा हाताने तण काढावं लागलं, हे त्यांना कळलं. तेव्हापासून कुणी दुसऱ्यांदा तेच औषध मागितलं की ऐकावं लागतं, "बिटाचं काय झालं, ठाव हाय ना?"

गेल्या वर्षी यमुनाबाई दुकानात आल्या. त्यांची भाताची दोन खाचरं माझ्या बांधाला लागून आहेत. गुडघे गेलेले, आणि लावणीला आणि बेणणीला, म्हणजे तण काढायला, माणूस मिळत नाही. सगळे फार्महाउसांच्या हिरवळी राखतात. यंदा भात उभा राहिला नाही तर जमीन विकायची, असं त्यांच्या मुलांनी ठरवलं होतं. त्यांना नवं भातबियाणं हवं होतं. थेट पेरायचं, वर तणनाशक मारायचं, भाताला काही होत नाही.

चाचांनी अपेक्षेप्रमाणे बिटाचं पुराण लावलं. या भातात बिटासारखं बाहेरचं जनुक नाही, पण तणाला त्याचं काय? तण म्हणून उगवणाऱ्या रानभाताचा याच्याशी संकर झाला तर तोही औषधाला दाद देणार नाही.

यमुनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "चाचा, तुमच्या बिटाला गुडघं नायत. मला हायत."

चाचांनी बियाण्याची पिशवी काढून दिली.

औषध मारून झालं, आणि चाचा रोज सकाळी दुकानाला कुलूप लावून यमुनाबाईंच्या खाचरात उतरू लागले. तणाचं जे रोप औषधातून वाचलं, ते बी धरण्याआधी उपटायचं. यमुनाबाई बांधावर बसून हुकूम सोडायच्या, "त्यो ऱ्हायला बगा डावीकडं. चष्मा कशाला लावलाय?"

एकदा मी म्हटलं, तुम्ही तर या सगळ्याच्या विरोधात होता.

"विरोधात कोन हाय, मास्तर? औषध टिकाया पायजे. भसाभसा मारून फुकट घालवलं, तर बायांनी परत वाकायचं?" चाचा एक रोप हातात धरून तसेच उभे राहिले. "आमच्या बीबीची कंबर गेली तवा ह्यातलं काय नव्हतं. ती नको नको म्हनत ऱ्हायली, मी शेत विकलं. तिला आराम पडंल वाटलं. मंग सकाळी उठून जायचं कुठं, तेच तिला कळंना. शेवटपर्यंत कळलं नाय."

भात चांगला झाला. मुलांनी जमिनीचा विषय निदान त्या सालापुरता बंद केला. पुढच्या साली बियाणं बदलायचं आणि थोडी बेणणी हाताने करायची, असं चाचांनी बजावलं. यमुनाबाई हो म्हणाल्या.

कापणी झाल्यावरही एका सकाळी चाचा बांधावर हजर. मी कारण विचारलं, तर म्हणाले, वालात तण झालंय का ते बघायला आलो.

भातामागचा वाल अजून पेरायचा होता. यमुनाबाईंनी ते बोलून दाखवलं नाही. थोडं सरकून त्यांनी चाचांना बांधावर जागा करून दिली.