न जेवण्याचे पौष्टिक फायदे

शाळेत फुकट जेवण दिल्याने समाजावर नेमका काय परिणाम होतो, हे सरकारला जाणून घ्यायचे होते. जेवल्याने पोट भरते, एवढे तोंडी माहीत होते, कागदावर नव्हते. म्हणून एक संशोधक वजनकाटा घेऊन शाळेत दाखल झाला.

त्याने वर्गाचे दोन भाग केले. खिडकीकडची मुले 'लाभार्थी', त्यांनी जेवायचे. भिंतीकडची 'तुलनार्थी', त्यांनी शास्त्रासाठी नुसते बघायचे.

"किती दिवस?" शाळेचा स्वयंपाक करणाऱ्या मावशीने विचारले.

"फक्त तीन महिने."

"अहो साहेब, यातली निम्मी पोरं घरून नुसतं पाणी पिऊन येतात."

"उत्तम! मग निष्कर्ष अगदी स्वच्छ येईल."

हेडसरांनी मावशीला बाजूला घेऊन बजावले, "भिंतीकडे एक दाणा जरी गेला, तर उद्यापासून तुम्ही घरी. आणि तुमच्या मागोमाग मी."

मावशीने मान डोलावली. जन्मभर ती अशीच मान डोलवत आली होती आणि मनाला येईल तेच करत आली होती. साहेबांनी स्वतःचा डबा उघडला की मागच्या दाराने भिंतीकडची रांग स्वयंपाकघरात शिरायची. बिचारी ताटकळलेली, म्हणून मावशीचा हात जरा सैलच सुटायचा. खिडकीकडच्यांना एक वाढ, यांना दोन. वर पातेल्याची खरवड.

तीन महिन्यांनी काटा बोलला. खिडकीकडची मुले एका किलोने वाढली होती, भिंतीकडची अडीच. संशोधकाने चष्मा पुसला, काटा बदलला, मुले पुन्हा उभी केली. नवा काटाही जुन्याच्याच बाजूचा निघाला. शंका घेऊन कुणाला बढती मिळाल्याचे ऐकिवात नव्हते, तेव्हा त्याने शोध लावला: "अन्न न देणे हे अन्न देण्यापेक्षा अडीच पट पौष्टिक आहे."

सरकार हरखले. शाळाशाळांतल्या चुली विझवून 'अन्नविरहित पोषण योजना' लागू करण्याचा आदेश सुटला.

मावशी धापा टाकत संशोधकाकडे गेली. "साहेब, मीच खाऊ घातलं हो त्यांना, चोरून! मला काढा, पण चूल राहू द्या."

"पुरावा?"

"पोरांनी खाल्ला की!"

"मावशी, अहवालाखाली बावीस तज्ज्ञांच्या सह्या आहेत. बावीस शिकलेली माणसं खोटी आणि तुम्ही एकट्या खऱ्या?"

मावशीला कामावरून काढले नाही. चूलच काढल्यावर तशी गरज उरली नाही.

ही बातमी पेपरात आली, तेव्हा तुम्ही नाश्त्याला बसला होतात. "मी केव्हाचा सांगतोय, फुकटाची सवय वाईट," असे म्हणून तुम्ही पान उलटलेत. आणि आतल्या खोलीकडे बघून हाक मारलीत, "अगं, अजून थोडं वाढतेस का? गरम आहे तोवर!"